पोगाचार ‘अचानक’ उगवला नाही

संपादक महोदय,

सप्टेंबर २०२० मध्ये स्लोव्हेनियाचा सायकलपटू ताडेय पोगाचार याने टूर द फ्रान्स ही तीन आठवड्यांची सायकल शर्यत जिंकली तेव्हा तो २१ वर्षांचा होता. त्याच्याविषयी आजही ‘अचानक उदय’ असे लिहिले जाते. आम्हा प्रशिक्षकांना हे खटकते, कारण असे वाचून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे पालक घाईला येतात.

स्लोव्हेनियातल्या रॉग-ल्युब्लियाना क्लबात तो लहानपणापासून होता. २०१७ साली, १८व्या वर्षी, याच क्लबाच्या कॉन्टिनेन्टल, म्हणजे व्यावसायिक उतरंडीतल्या तिसऱ्या पायरीवरच्या संघात तो आला. त्या वर्षीच्या टूर ऑफ स्लोव्हेनियात तो पाचवा आला, पुढच्या वर्षी चौथा. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याने तेवीस वर्षांखालच्यांची टूर द लाव्हनीर जिंकली (आदल्या वर्षीचा विजेता एगान बर्नाल, ज्याने २०१९ ची टूर द फ्रान्स जिंकली). मगच २०१९ मध्ये तो अव्वल दर्जाच्या यूएई संघातून धावू लागला.

तिथेही त्याला लगेच टूर द फ्रान्सला उतरवले नाही. आधी अल्गार्वे, मग कॅलिफोर्निया, या जेमतेम आठवडाभराच्या शर्यती त्याने जिंकल्या. वर्षाअखेरीस व्हुएल्टा, म्हणजे स्पेनची तीन आठवड्यांची शर्यत. तिथे तीन टप्पे जिंकून तो एकूण तिसरा आला, आणि तिसरा विजय अखेरून दुसऱ्या दिवशीचा, विसाव्या टप्प्यातला. आमच्या मते त्या वर्षातली सर्वांत मोलाची नोंद हीच. तिसऱ्या आठवड्यात पाय साथ देतात का, हे लहान शर्यतींवरून कळतच नाही. पुढच्या वर्षी टूरच्या विसाव्या टप्प्यावर, ३६.२ किलोमीटरच्या टाइम ट्रायलच्या (प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध धावायचा टप्पा) सुरुवातीला, तो एकूण वेळेत आघाडीवरच्या प्रिमोझ रोग्लिचपेक्षा ५७ सेकंदांनी मागे होता. शेवटच्या चढाच्या पायथ्याशी त्याने टाइम ट्रायलची जड सायकल सोडून हलकी रोड सायकल घेतली आणि दिवसअखेर ५९ सेकंदांनी पुढे गेला.

आता आपल्याकडची घाई. पोगाचार ज्युनियर (१७-१८ वर्षांच्या) गटात होता तेव्हा त्या गटाला गिअरची मर्यादा होती: पेडलच्या एका पूर्ण फेऱ्यात सायकल ७.९३ मीटरपेक्षा पुढे जाता कामा नये, म्हणजे पुढच्या दातेरी चक्राला ५२ दात, मागच्याला १४. २०२३ पासून ही अट उठली. तरी तिच्यामागचे कारण उरतेच. ५० ला ११ लावले की एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेनऊ मीटर जाते. मुलगा सपाटीवर मिनिटाला ६०-६५ फेरे मारत जोर लावतो, वेग दिसतो म्हणून घरचे खूश होतात, आणि काही महिन्यांत गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागते. वाढत्या वयात ९० च्या आसपास फेरे मारता येतील असाच गिअर ठेवावा. सीट फार खाली असली तरी हेच दुखणे होते, म्हणून आधी सीट तपासावी.

खाणेही टप्प्याटप्प्यानेच वाढवावे लागते. लांब शर्यतीत तासाला ९० ग्रॅम कर्बोदके घ्यायची तर ग्लुकोजबरोबर फ्रुक्टोज लागते. नुसते ग्लुकोज तासाला ६० ग्रॅमच्या वर आतड्यात नीट शोषले जात नाही आणि पोटात कळा येतात. सरावात तासाला ४० पासून सुरुवात करून आठवड्यागणिक वाढवावे.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. तिचा दर्जा २.२, म्हणजे कॉन्टिनेन्टल संघांना खुली असलेली टप्प्यांची शर्यत. पोगाचार १८व्या वर्षी ज्या पायरीवर उभा होता, ती आता आपल्या दाराशी आली आहे. अशा शर्यतींचे वृत्त देताना विजेत्यासोबत तेवीस वर्षांखालच्या भारतीय सायकलपटूंचे क्रमांक आणि त्यांचे टप्प्यागणिक वेळही छापावेत, ही विनंती.

— दोन सायकलिंग प्रशिक्षक, पुणे