डायलिसिसच्या रुग्णाचा एबीआय जास्त आला म्हणून निर्धास्त होऊ नका

मा. संपादक,

पायांच्या रक्तवाहिन्या तपासण्यासाठी एबीआय करतात, म्हणजे घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागतात. उत्तर ०.९ पेक्षा कमी आले की प्रवाहात अडथळा, असा सरळ हिशेब. डायलिसिसवरच्या रुग्णाला तोच लावला की फसगत होते. धुळे, जळगाव, नंदुरबारात ही तपासणी करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मूत्रपिंड निकामी झाले की फॉस्फरस साचतो आणि धमनीच्या मधल्या थरात कॅल्शियम बसते. चरबीचा थर आतल्या अस्तरात बसून वाट अरुंद करतो. कॅल्शियमने वाट अरुंद होईलच असे नाही, पण नळी ताठ होते. बऱ्याच रुग्णांत दोन्ही असते. ताठ धमनी रक्तदाबाच्या पट्ट्याने दबत नाही. दंडाचा दाब १५० आणि घोट्याचा २२० असेल तर उत्तर १.४७. कधी पट्टा २५० पर्यंत फुगवूनही डॉपलरचा, म्हणजे रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राचा, आवाज थांबत नाही. १.४ च्या वरचा आकडा म्हणजे आजारच. त्याहून फसवा १.१: अडथळा आकडा खाली ओढतो, ताठरपणा वर ढकलतो आणि कागदावर सगळे ठीक दिसते. म्हणून पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यावा. तिथल्या बारीक धमन्यांत कॅल्शियम कमी बसते. अंगठा ८०, दंड १५० म्हणजे ०.५३, इथे ०.७ च्या खाली अडथळा समजतात. पाय गार असेल तर आधी पांघरूण घाला, नाहीतर आकडा उगाच कमी येतो.

फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेल्या, हाताला पट्टा बांधू नये, हे शिबिरातल्या स्वयंसेवकालाही बजावून सांगावे.

ताठरपणा थेट मोजायचा तर नाडीच्या लाटेचा वेग घेतात: मानेपासून जांघेपर्यंतचे अंतर गुणिले ०.८, भागिले लाटेला लागलेला वेळ. ६० सेंटिमीटर अंतर आणि ०.०४ सेकंद म्हणजे सेकंदाला १२ मीटर. १० च्या वर धोका. टेप सुटलेल्या पोटावरून नेला की अंतर वाढते आणि वेगही फुगतो. नाडी अनियमित असेल तर हे मोजमाप भरवशाचे नाही. त्या वेळचा रक्तदाब शेजारी लिहिला नसेल तर नुसत्या वेगाला अर्थ नाही, कारण दाब वाढला की वेगही वाढतो. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ कडे जातो, पाणी आवरत नाही, वर शेवभाजी-पापडाचे मीठ. शनिवार-रविवारच्या खंडात पाणी साचून तीन किलो वजन वाढलेल्या रुग्णाचा सोमवारचा वेग आणि पाणी काढल्यानंतरचा वेग यांची तुलनाच नको. सोम-बुध-शुक्र पाळी असेल तर बुधवारी, डायलिसिसआधी मोजावे. पुढच्या वेळीही तसेच.

लाटेचा वेग मोजणारे यंत्र सगळीकडे नसते. एक्स-रे मात्र तालुक्यालाही निघतो. पोटाचा आडवा, म्हणजे बाजूने घेतलेला एक्स-रे काढला की कमरेच्या मणक्यांपुढे महाधमनीतले कॅल्शियम पांढऱ्या रेघांसारखे दिसते. त्याला ० ते २४ गुण देता येतात. ते दिसले तर फॉस्फरस कमी करण्यासाठी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या किती चालू आहेत, हे नेफ्रॉलॉजिस्टला विचारावे. गोळ्या परस्पर बंद करू नयेत. प्रत्यारोपणाचा विचार असेल तर हा एक्स-रे सर्जनलाही दाखवावा: नवे मूत्रपिंड ओटीपोटातल्या धमनीला जोडतात आणि ती कडक असेल तर टाका कुठे घ्यायचा हे सीटी स्कॅन काढून आधीच ठरवावे लागते.

– डायलिसिस विभागातील दोन तंत्रज्ञ, जळगाव जिल्हा