वस्तीवरच्या घरात पावसाळ्याआधी काय हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृग तोंडावर आला की मोबाईलवर संकटकाळच्या किटच्या याद्या फिरू लागतात: डबाबंद अन्न, शिट्टी, होकायंत्र. होकायंत्र घेऊन वस्तीवरच्या माणसाने जायचं कुठे? सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदी पात्राबाहेर आली तेव्हा माढा, मोहोळ, करमाळ्याकडची खरी अडचण दिसली. ओढ्यावरचा पूल बुडतो, लाईट जाते, लाईटबरोबर बोअरची मोटर बंद पडते आणि दारात पाणी असून प्यायला नसतं.

म्हणून आधी पाणी. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज ४ लिटर धरा. पाच माणसांना तीन दिवसांचे ६० लिटर, म्हणजे २० लिटरचे तीन जार. ते भरून सावलीत ठेवायचे, पंधरा दिवसांनी जनावरांना पाजून पुन्हा भरायचे. औषध फवारणीचा रिकामा कॅन कितीही धुतला तरी पाण्याला वापरू नये. हे सांगावं लागतं, कारण वस्त्यांवर तो सर्रास वापरला जातो.

पुराचं पाणी विहिरीत शिरलं असेल तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर लागते. प्रमाण १००० लिटरला अडीच ग्रॅम. २० फूट व्यासाच्या विहिरीत १३ फूट पाणी असेल तर ते साधारण १ लाख १६ हजार लिटर भरतं, त्याला सुमारे २९० ग्रॅम पावडर. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते. चूक होते ती टाकण्यात. पावडर सरळ विहिरीत ओतली की चुना तळाशी बसतो आणि पाणी जड होतं. एका बादलीला १०० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये. थोड्या पाण्यात लगदा करावा, बादली पाऊण भरून ढवळावी, दहा मिनिटं निवळू द्यावी, मग वरचं पाणी दुसऱ्या बादलीत काढून ती दोराने विहिरीत सोडून हलवावी. खालचा चुना टाकून द्यायचा. तासभर थांबून मगच पाणी भरायचं. हे गणित ताज्या पावडरीचं, जिच्यात ३३ टक्के क्लोरीन असतं. उघड्या पोत्यात वर्षभर पडलेली पावडर म्हणजे निव्वळ समाधान. जारमधल्या पाण्याला टीसीएलचा अंदाज घरी जमत नाही. तिथे क्लोरीनच्या गोळ्या, पाकिटावर लिहिलेल्या मापाने.

खाण्याचा प्रश्न आपल्या सोलापूर जिल्ह्याने केव्हाच सोडवलाय. माणशी रोज चार धरल्या तर पाच जणांना तीन दिवसांच्या ६० कडक भाकरी आणि किलोभर शेंगाचटणी. बिघडतं ते साठवणीत. भाकरी पावसाळी हवेत सादळते, आणि सादळलेली डब्यात कोंडली की बुरशी धरते. मोडताना कट् आवाज येऊन तुकडा पडला पाहिजे. वाकली तर पुन्हा तव्यावर. पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी. कणगीत ज्वारी कितीही असली तरी लाईट गेल्यावर गिरणी बंद असते, तेव्हा पाचेक किलो पीठ दळलेलं हवंच. दर पंधरवड्याला ते वापरून नवं भरावं. बाजरीचं पीठ साठवू नये, लवकर कडवट होतं. दात नसलेल्या म्हाताऱ्यांसाठी आणि लहान पोरांसाठी तांदूळ, मूगडाळ, गूळ, दूध पावडर. चुलीला तुराट्या आणि दोन पाट्या गोवऱ्या घरात उंचावर. पाणी शिरायची चिन्हं दिसली की गॅसची टाकी रेग्युलेटर काढून, टोपी लावून वर ठेवावी. नाहीतर ती तरंगते.

याद्यांमध्ये जनावरांचं नावच नसतं. मोठ्या जनावराला रोज ४०-५० लिटर पाणी लागतं, आणि हिरवा चारा बंद झाला तर सहा-आठ किलो कडबा. कडब्याची गंज उंचवट्यावर, खाली दगडांचा थर देऊन रचावी. बुरशी आलेली वैरण खाऊ घातली तर पुरातून वाचलेलं जनावर नंतर आजारी पडतं. घटसर्प आणि फऱ्या या रोगांची लस पावसाआधी टोचून घ्यावी. दाव्याला ओढताच सुटेल अशी गाठ हवी, कारण भिजलेली गाठ अंधारात सुटत नाही, तेव्हा दाव्याशेजारी कोयताही असू द्यावा. कानातल्या बिल्ल्यावरच्या १२ अंकी नंबरासह प्रत्येक जनावराचा फोटो आधीच काढून ठेवावा. पंचनाम्याच्या वेळी त्या फोटोची किंमत कळते. सातबारा, पासबुक, रेशन कार्डाचेही फोटो त्याच फोनमध्ये.

औषधांत ओआरएसची दहा पाकिटं. एक पाकीट एक लिटर पाण्यातच कालवायचं. अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात घातलं तर मीठ जास्त होऊन उलट अपाय होतो. पुरात साप कोरडी जागा धरतात, म्हणजे नेमकं तुमचं सरपण आणि कडबा. हात घालण्याआधी काठीने हलवावं. चावलाच तर दोरी आवळायची नाही, चिरायचं नाही. हात-पाय हलू न देता दवाखाना, १०८. कोणता पूल बुडाल्यावर कोणत्या वाटेने ग्रामीण रुग्णालय गाठायचं, हे आत्ताच ठरवून ठेवा. बॅटरीतले सेल काढून वेगळे ठेवा, आत राहिले तर पाझरून बॅटरी खातात.

माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरांचं वेगळं आहे. सलग तीन-चार दिवस झड लागली, भिंतीला नवी चीर दिसली किंवा माती झडू लागली, तर त्या घरात झोपू नये.

आता वर्तमानपत्राला एक विनंती. भीमेवरच्या उजनी धरणाचा विसर्ग आपण रोज छापता. पण माढा-मोहोळच्या सीनाकाठाला तो आकडा उपयोगाचा नाही. तिथे सीना-कोळेगाव आणि परांडा भागातल्या चांदणी, खासापुरी या धरणांतून किती पाणी सुटलं ते हवं. पंढरपूरला उजनीबरोबर नीरेवरच्या वीर धरणाचं हवं. सीना कुडलजवळ भीमेला मिळते, त्याच्या खालच्या गावांना दोन्हीकडचं. जून ते ऑक्टोबर नदीवार छोटी चौकट, आणि त्यात पाणी सोडल्याची वेळ, एवढं छापता येईल का?

आपला,
सीनाकाठचा एक वाचक, ता. माढा, जि. सोलापूर