काका, तुम्ही आधी विचारलंत

ती. काका,
सा. न. वि. वि.

बहुसांस्कृतिक जत्रा पार पडली, मांडव उतरला, हिशेब मिटला. समारोपाला व्यासपीठावरून ज्यांचे आभार मानले त्या यादीत तुमचं नाव नव्हतं, कारण आदल्या दिवशी तुम्हीच ते खोडलं होतंत. म्हणून हे उघडं पत्र. नाव इथेही लिहीत नाही, पण काय काय केलंत ते सगळं लिहिणार आहे. त्यावर तुमची हरकत चालणार नाही.

सुरुवात तारखेपासून करते, कारण तुमचा पहिला खोडा तिथेच होता. (खोडा हा शब्द बैठकीतल्या दोघांचा. ते दोघं नंतर सगळ्यात जास्त राबले.) २१ मे हा संयुक्त राष्ट्रांनी २००२ साली जाहीर केलेला सांस्कृतिक वैविध्याचा जागतिक दिवस, तेव्हा तोच धरू, असं बहुतेकांना वाटत होतं. पत्रकावर छापायला तो छानच दिसला असता. तुम्ही एवढंच म्हणालात, "ज्यांना बोलावतोय त्यांना विचारलंय का?" आणि वही काढलीत. हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, म्हणून रोजाचा महिना दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी सरकतो. गेल्या वर्षीची तारीख पाहून यंदाची ठरवता येत नाही. ज्यू कुटुंबं शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारची रात्र पडेपर्यंत काम करत नाहीत. रविवारी सकाळी बरेच जण चर्चमध्ये. चिनी नववर्ष जानेवारी-फेब्रुवारीत, इराणी नववर्ष नवरोज मार्चमध्ये, आणि तेव्हा लोकांना आपापल्या घरी असायचं असतं. शिवाय मुलांच्या परीक्षा. एकेका घरी फोन लावून तुम्ही चौकटी खोडत गेलात आणि उरला तो रविवार, दुपारनंतरचा. त्या दिवशी शेवटच्या क्षणी "आम्हाला जमणार नाही" असं एकाही घराने कळवलं नाही. मी चिटणीस म्हणून इतकी वर्षं कार्यक्रम करतेय, असं आधी कधी झालेलं नाही.

दुसरा वाद झेंड्यांचा. प्रत्येक स्टॉलवर देशाचा झेंडा, ही कल्पना सोपी आणि रंगीत होती. तुम्ही हिशेब मांडलात: संयुक्त राष्ट्रांचे सदस्य देश १९३, आणि जगातल्या भाषा ७,०००च्या आसपास. मग कोण कोणाखाली बसणार? कुर्द लोक तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरियात विभागलेले, त्यांना कुठला झेंडा देणार? सत्ता बदलल्यावर देश सोडून आलेल्या माणसाच्या डोक्यावर त्याच सत्तेचा झेंडा लावायचा का? शेवटी पाटीवर काय लिहायचं ते ज्याचं त्याने ठरवलं. कोणी भाषेचं नाव लिहिलं, कोणी नदीचं, एका कुटुंबाने तर नुसतं आजोबांचं नाव लिहिलं, आणि त्या स्टॉलवर सगळ्यात जास्त गप्पा रंगल्या. रंग कमी पडेल ही भीती पोशाखांनीच खोटी ठरवली.

पाट्यांचा विषय निघालाच आहे तर फलकांचं सांगायलाच हवं. ते काम फक्त तुम्हीच करू शकत होतात. उभी हयात छापखान्यात गेलेल्या माणसाची नजर ती! स्वागताच्या फलकाचं प्रूफ आलं तेव्हा आम्ही सगळे खूश होतो. किती लिप्या, किती देखण्या! तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून कागद नाकाजवळ नेलात आणि अरबी ओळीवर बोट ठेवलंत. "ही अक्षरं एकमेकांना धरून का नाहीत?" अरबी तुम्हाला वाचता येत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. पण त्या लिपीत अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगवेगळं रूप घेतं आणि शेजारच्याला जोडून येतं, ओळ उजवीकडून डावीकडे चालते, एवढं तुम्हाला ठाऊक होतं. छापणाऱ्याच्या सॉफ्टवेअरने सगळी अक्षरं सुटी करून उलट्या क्रमाने लावली होती. ज्याला ती लिपी येत नाही त्याला त्यात काहीच खटकणार नाही. ज्याला येते त्याला मात्र आपल्याच स्वागताची ओळ वाचता येणार नाही. आपल्या मराठी पाट्यांवर वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते आणि जोडाक्षराचा पाय मोडून पडतो, तेव्हा आपल्याला जे वाटतं तेच.

त्यानंतर तुम्ही नियमच करून टाकलात की प्रत्येक ओळ ती भाषा घरात बोलणाऱ्या माणसाने मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय छापायला जायची नाही. फोनवर पाहून "ठीक आहे" म्हटलेलं चालायचं नाही. छापणारा वैतागला, मीही थोडी वैतागले. पण त्या वाचनाच्या निमित्ताने जी माणसं आमच्या खोलीत येऊन गेली, त्यांतले निम्मे नंतर खुर्च्या मांडायला आले.

खाण्याच्या बाजूचं श्रेय काकूंना. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर, थंड ५ अंशांच्या खाली, आणि शिजवलेलं काहीही दोन तासांपेक्षा जास्त उघड्यावर नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचे साधे नियम. काकू थर्मामीटर घेऊन फिरत होत्या आणि कोणाच्याही पातेल्यात न विचारता खुपसत होत्या. शेंगदाणा, तीळ, दूध, गहू, अंडं, मासे यांपैकी काय आहे ते सांगणारी चिठ्ठी प्रत्येक पदार्थापुढे होती, मोठ्या अक्षरांत. आणि डावांच्या दांड्यांना बांधलेले रंगीत दोरे! हिरव्या दोऱ्याचा डाव लाल दोऱ्याच्या पातेल्यात जायचा नाही. शाकाहारी, हलाल किंवा कोशर (ज्यूंचे खाण्याचे नियम) पाळणाऱ्या माणसाला समोरच्याला खोदून विचारत बसावं लागलं नाही. अर्थात स्वयंपाकघर वेगळं लागणाऱ्यांचं एवढ्याने भागत नाही, हे तुम्हीच आधी ओळखलंत आणि त्यांना घरून बंद डबे आणायला सांगितलंत.

विजेचंही तुम्हीच पाहिलंत. २ किलोवॅटची एक शेगडी २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढते, तेव्हा शेगड्यांची आणि ध्वनिक्षेपकाची लाइन वेगळी. गाणं एकदाही मध्येच बंद पडलं नाही.

पण माझ्या मनात सगळ्यात जास्त राहिलंय ते दोऱ्याचं टेबल. त्या कोपऱ्यातल्या आजींकडून काहीही मिळणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. नाच नको, गाणं नको, गर्दीसाठी रांधणं झेपत नाही, "मला काही येत नाही" हे नातवाकरवी तीनतीनदा सांगून झालेलं. तुम्ही त्यांना विचारलंत, लहानपणी काय खेळायचात? त्यांनी पिशवीतून सुतळीचा तुकडा काढला, गाठ मारून फास केला आणि दोन्ही हातांच्या बोटांत अडकवला. दोन ओढी, एक पीळ, की होडी. आणखी एक ओढ, की होडीचं जाळं.

जत्रेत त्यांच्यासमोर भलत्याच भाषेचा एक मुलगा येऊन उभा राहिला. थोडा वेळ बघितलं आणि त्याने चिमटीत दोरे धरून ती आकृती त्यांच्या हातांवरून सरळ आपल्या हातांवर उतरवून घेतली. हा खेळ त्याच्या घरीही होता. चुकला तेव्हा आजींनी त्याच्या बोटावर टिचकी मारली. पुढे तिथे रांगच लागली. आमच्यातल्या एकाने लगेच शोधून काढलं की हॅडन आणि रिव्हर्स या अभ्यासकांनी अशा आकृत्या लिहून ठेवायची पद्धत १९०२ साली प्रसिद्ध केली होती, आणि आर्क्टिकच्या इनुइटांपासून पॅसिफिकच्या बेटांपर्यंत हा खेळ आहे. आजींना ते सांगितलं तर त्यांनी मान हलवली आणि पुढच्या पोराला बोटं पुढे करायला लावली.

जागतिक मानवी हक्क जाहीरनाम्याच्या २७व्या कलमात समाजाच्या सांस्कृतिक जीवनात मोकळेपणाने भाग घेण्याचा हक्क सांगितलाय. आमच्या प्रास्ताविकात ते वाक्य होतं, आणि ते वाचायला सोपं आहे. भाग कसा घ्यायचा हे ज्याचं त्याला विचारत दारोदार फिरणं जड जातं. तुमचे गुडघे किती दुखतात ते मला माहीत आहे.

आता कामाचं. पुढच्या जत्रेची पहिली बैठक तुमच्याच घरी ठेवतोय, जिने चढायला नकोत. तुमच्या वहीची झेरॉक्स काढून दोन मुलींना दिली आहे. त्यांनी फोन करायला सुरुवातही केली आहे, पण तुमच्या अक्षरातले काही नंबर त्यांना लागत नाहीत, तेवढे सांगा. तुम्ही फक्त खुर्चीत बसून प्रूफं बघायची. शिडीवर चढलेलं दिसलात तर काकूंना कळवण्यात येईल.

काकूंना नमस्कार. त्यांचा थर्मामीटर माझ्याकडेच राहिलाय, येताना आणते.

आपली नम्र,
जत्रा समितीची चिटणीस