रिकाम्या खुंट्या

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

चौदा महिने माझे पत्र नाही, फोन नाही आणि तुझ्या दोन निरोपांना साधे उत्तरही नाही, याबद्दल मला द्यायच्या शिव्या तू एव्हाना मनातल्या मनात देऊन झाला असशील, असे धरून चालतो. माझी प्रकृती ठीक आहे. गुडघा दुखतो, पण तो तेव्हाही दुखत होता. तुझ्या डोळ्याचे ऑपरेशन नीट झाल्याचे बंडूकडून कळले. आता स्पष्ट दिसत असेल, तेव्हा हे पत्र बसून आणि सावकाश वाच, कारण यात तुझ्यावर एक आरोप आहे आणि त्याचा पुरावा मी गॅरेजमधल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मांडून ठेवला आहे.

गेल्या शनिवारी मी पिवळीचे, म्हणजे माझ्या कब कॅडेट १४९ या गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरचे, इंजिन उतरवले आणि ऑइल पॅन काढला.

एवढे एक वाक्य वाचून तुझ्या चेहऱ्यावर काय उमटले असेल ते मला इथून दिसते आहे. तरीही मुळापासून सांगतो, कारण मी कोणत्या क्रमाने मूर्ख ठरत गेलो ते तुला कळलेच पाहिजे.

मागल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मागच्या उतारावरचे गवत कापत असताना इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागली. डेक, म्हणजे गवत कापणारी पाती, बंद केला की आवाज थोडा दबत असे, पण थ्रॉटल खाली आणताना तो नेमका वर येई. कोणीही शहाण्या माणसाने प्रथम तेलाची दांडी काढून पाहिली असती. मी इंजिन बंद केले, गाडी ढकलत गॅरेजमध्ये आणली आणि दार लावून घेतले, कारण माझी त्या क्षणी खात्री पटली होती की हे बॅलन्स गिअरच आहेत आणि तुझे म्हणणे अकरा वर्षांनी खरे ठरले आहे.

ते भांडण तुला आठवण करून द्यायला नको, पण माझ्या समाधानासाठी लिहितो. पिवळीचे इंजिन कोहलरचे के ३२१, चौदा अश्वशक्तीचे, एकच सिलिंडर आणि त्यात साडेतीन इंची पिस्टन; एवढा मोठा गोळा वरखाली होताना गाडी हादरणार हे उघड आहे. म्हणून कंपनीने क्रॅंककेसमध्ये दोन खुंट्यांवर दोन वजनदार गिअर बसवले, जे क्रॅंकच्या उलट दिशेने फिरून तो हादरा खाऊन टाकतात. तुझे म्हणणे असे होते की त्या गिअरांची नीडल बेअरिंग झिजतात, गिअर कलतो, तुटतो आणि त्याचा तुकडा ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो; त्यापेक्षा ते काढून टाकावेत आणि थोडा जास्त हादरा सोसावा. माझे म्हणणे असे होते की ज्यांनी हे इंजिन कागदावर काढले ते वेळ जात नव्हता म्हणून गिअर काढत बसले नव्हते. तीन रविवार आपण यावर भांडलो. वहिनींनी तर विचारलेही होते की हे दोघे कोणाच्या घटस्फोटाबद्दल बोलत आहेत. शेवटी तू ‘गाडी तुझी, गिअर तुझे’ म्हणून पाना खाली ठेवलास आणि मी जिंकलो असे समजलो. चौथ्या रविवारी मी आत्याला आणायला विमानतळावर गेलो. परत आलो तेव्हा खालचा भाग बंद झालेला होता, सगळे बोल्ट टॉर्क पान्याने आवळलेले होते आणि तू हात पुसत होतास. मी तुझे आभार मानले होते. मित्रा, मी तुझे चक्क आभार मानले होते.

तर ती टकटक ऐकल्यावर तुला फोन करणे म्हणजे हार मान्य करणे, आणि ते मला जमले नाही. दिवाळीच्या आसपास तुझा निरोप आला तेव्हा मी फोन हातात घेतला होता, पण तू पहिला प्रश्न ‘गाडी कशी आहे’ हाच विचारणार आणि मला एक तर खोटे बोलावे लागणार किंवा खरे, म्हणून तो परत ठेवला. हे कारण लिहून काढल्यावर किती हास्यास्पद दिसते ते मला कळते, पण खरे कारण हेच आहे. बाकी कामाचा व्याप वगैरे मी इतरांना सांगतो.

या वसंतात, गिअर सोडून दुसरे काही निघावे अशा वेड्या आशेने, मी तपासणी सुरू केली. आधी पॉइंट, म्हणजे उघडताच ठिणगी पाडणारे संपर्क, काढले. या इंजिनाची ही एक गोष्ट तूही मान्य करतोस की पॉइंट फ्लायव्हीलखाली दडवलेले नसून ब्लॉकच्या बाहेर, एका झाकणाखाली आहेत आणि बसल्या जागी सापडतात. फट वीस थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ठेवली, दिवा जोडून फ्लायव्हीलवरची ठिणगीच्या वेळेची ‘एस’ची खूण पाहिली, पॉइंट अगदी खुणेवर उघडत होते. मग हेड उघडले. बाजूला व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनात काजळीचा थर साचून ठोका येतो हे आपण तुझ्या घोड्यात, म्हणजे त्या व्हील हॉर्स ट्रॅक्टरात, पाहिले होते, आणि थर होताही, पिस्टनवर चांगला नखभर. तो लाकडी पट्टीने खरवडला आणि क्षणभर आनंद झाला. फ्लायव्हीलचा नट आणि चावी पाहिली, दोन्ही घट्ट. शेवटी हेड उघडेच आहे म्हणून पिस्टन वरच्या टोकाला आणून फ्लायव्हील हाताने अगदी थोडे पुढे-मागे हलवले. फ्लायव्हील हलत होते आणि पिस्टन काही क्षण जागच्या जागी स्वस्थ बसून होता, जणू त्याला कोणी बोलावलेलेच नाही.

म्हणजे पिस्टनला क्रॅंकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड. गिअर नव्हे, रॉड. मला इतका हर्ष झाला की रॉड गेल्याचे दुःख व्हायला अर्धा दिवस लागला.

इंजिन उतरवताना रेग्युलेटरच्या डब्यावर तुझी चिठ्ठी अजून चिकटलेली दिसली: ‘तारा सोडल्यास तर आधी पोलराइझ कर, मग बढाया मार.’ अक्षर अजून वाचता येते. या गाडीत स्टार्टर आणि जनरेटर एकच असल्यामुळे तारा परत जोडल्यावर पोलराइझ करायला बॅट आणि जेन या दोन टोकांमध्ये क्षणभर तार टेकवावी लागते, हे मी दोनदा विसरलो होतो हे खरे; पण ते भिंतीवर कोरल्यासारखे लिहून ठेवायची गरज नव्हती. चौकटीचे चार बोल्ट सोडले, शाफ्टचे कपलिंग सोडले, इंजिन पुढून उचलून टेबलावर आडवे केले, पॅन काढला आणि विजेरी आत धरली.

दोन खुंट्या होत्या. खुंट्यांवर काहीही नव्हते.

पहिल्यांदा मला वाटले की गिअर तुटून खाली पडले असतील, म्हणून मी पॅनमध्ये हात घालून चाचपले. तिथे फक्त राखाडी, चमकणारा गाळ होता, रॉडच्या अॅल्युमिनियमचा. मग मी खुंट्या नीट पाहिल्या. दोन्ही स्वच्छ, कुठेही ओरखडा नाही, आणि दोन्हींच्या खाचांत सर्क्लिप, म्हणजे गिअर निसटू नये म्हणून घालायच्या कड्या, व्यवस्थित बसवलेल्या. रिकाम्या खुंटीवर सर्क्लिप परत कोण बसवतो? जगात एकच माणूस बसवतो, जो हरवू नये म्हणून जुन्या गॅस्केटसुद्धा खिळ्याला टांगून ठेवतो.

मी खाली बसलो आणि खूप वेळ हसलो. हे मी तुला सांगितले नसते तर बरे झाले असते, पण दुसऱ्या कोणाला सांगणार? घरात सांगून पाहिले. ‘नव्हते तर नव्हते, गाडी चालत होती ना?’ असे उत्तर मिळाले, आणि त्यावर मला काही बोलता आले नाही.

आता खरी गोष्ट, जिच्यामुळे मला तीन रात्री झोप नाही. अकरा वर्षे मी घरी आलेल्या प्रत्येक माणसाला पिवळीच्या स्टीअरिंगवर तळवा ठेवायला लावला आणि सांगितले की बघा, ही बॅलन्स गिअरांची करामत. तुझ्या आठ अश्वशक्तीच्या घोड्यावर बसले की दात वाजतात आणि इथे तळव्याला नुसती गुदगुली होते, असे मी तुझ्यासमोर सांगत असे, आणि तू मान डोलावत असस! मला तो फरक खरोखर जाणवत होता. मी ढोंग करत नव्हतो. तुझा राग मला येत नाही असे नाही, पण त्यापेक्षा मोठी गोष्ट ही आहे की आपल्या दोघांत कान तुझा आणि हात माझा असे वाटप पहिल्यापासून ठरलेले होते. बेअरिंग फिरवून ते चांगले की वाईट हे मी सांगायचे. बोल्ट किती आवळला गेला हे मी मनगटाने सांगायचे आणि मग तू टॉर्क पाना लावून खात्री करायचास. ज्या हाताला अकरा वर्षे नसलेले गिअर जाणवत राहिले, त्या हाताने आजवर जे काही ठीक आहे म्हणून सोडले, त्यातले किती ठीक होते? परवा मी पुढच्या चाकांची बेअरिंग पुन्हा उघडून पाहिली, केवळ मीच ती चांगली म्हणून बसवली होती म्हणून. ती चांगलीच निघाली, पण त्याने समाधान झाले नाही. तुझ्या घोड्याच्या मागच्या हबचे प्रकरणही आठवले. हब पक्का धरणारा ग्रब स्क्रू काढला, आता हब मोकळा आहे, माझ्या हाताला कळते, असे म्हणून मी तो ओढून काढायचा पुलर आवळत गेलो आणि ओतीव हब चिरला. मग त्या स्क्रूच्या खाली दुसरा स्क्रू निघाला. तेव्हा आपण आधीच्या मालकाला दोष दिला होता. त्याने दोन स्क्रू घातले हे खरे, पण पुलर त्याच्या हातात नव्हता.

बरे, गिअर नसण्याचा आणि रॉड जाण्याचा काहीही संबंध नाही. तसा आरोप करण्याचा मोह मला झाला होता, तो मी कागदावर आकडे मांडून स्वतःच खोडला. दांडी शेवटी मी शनिवारीच काढून पाहिली आणि तेल खालच्या खुणेच्याही खाली होते. या इंजिनाला तेलाचा पंप नाही. रॉडच्या खालची पळी तेलात बुडून जे उडवते त्यावरच सगळे चालते, आणि रॉडला वेगळे बेअरिंगही नाही, अॅल्युमिनियम थेट क्रॅंकपिनवर, म्हणजे क्रॅंकच्या ज्या भागाला रॉड धरतो त्यावर, फिरते. तेल कमी, त्यात उतार, म्हणजे तेल एका अंगाला आणि पळी हवेत. क्रॅंकपिन मुळात दीड इंचाची. मायक्रोमीटरने एका बाजूने मोजली तर एक थाऊ झिजलेली आणि काटकोनात मोजली तर तीन. अर्ध्या थाऊपेक्षा जास्त अंडाकृती चालत नाही हे तूच मला शिकवलेस. तेव्हा क्रॅंक ग्राइंडिंगला दिला आहे. दहा थाऊ खाली घेऊन १.४९० इंच करायची आणि दहा थाऊ अंडरसाइजचा रॉड घालायचा. आणि एक गोष्ट लिहितो, पण ती मी मान्य केली असे कोणाला सांगू नकोस. इतक्या कमी तेलात ती नीडल बेअरिंग टिकली असती असे मला वाटत नाही, आणि ती गेली असती तर आज टेबलावर झिजलेला रॉड नव्हे, भोक पडलेला ब्लॉक असता. १९७१ ते १९७४ एवढीच वर्षे बनलेल्या १४९ ला तसाच दुसरा ब्लॉक शोधत मी म्हातारा झालो असतो. अर्थात तू तेव्हा मला सांगून काढले असतेस तरी ब्लॉक वाचलाच असता. फरक एवढाच की आपण चौथा रविवारही भांडलो असतो.

तुझ्या धाकटीला नोकरी लागली हे फार छान झाले; तिला माझा आशीर्वाद. घर बदलणार आहेस असे ऐकतो, तर गॅरेज पाहून घे, खोल्या काय, कितीही असल्या तरी भरतात. तुझा घोडा सुरू होतो का? टोरोने १९८६ साली व्हील हॉर्स कंपनी घेतल्यापासून तुझ्या तोंडी तिचे नाव नाही, पण तुझा त्याआधीचा आहे, तेव्हा त्याचा राग त्याच्यावर काढू नकोस. वहिनींना नमस्कार.

आता विचारायचे ते विचारतो. ते दोन गिअर तू कुठे ठेवलेस? तू ते फेकले नसणार याची मला त्या सर्क्लिप पाहूनच खात्री आहे. तुझ्याकडे कुठल्या तरी डब्यात, तेल लावून, कापडात गुंडाळून, तारीख लिहून ठेवलेले असतील. मला ते परत हवे आहेत, बसवायला हवे आहेत असे नव्हे, पण ते माझे आहेत. क्रॅंक या महिनाअखेर येईल. खालचा भाग या वेळी मी एकटा बंद करणार नाही आणि तुलाही एकट्याला करू देणार नाही. येताना तुझा टॉर्क पाना आण. माझ्याकडे आहे, पण सध्या माझ्या वस्तूंवर माझा विश्वास नाही.

तुझा,
पिवळीवाला

ता. क. खालच्या खुंटीवरची सर्क्लिप तू उलटी बसवली होतीस. धारेची बाजू आत होती. मी ती काढून सरळ केली आणि परत त्याच खाचेत बसवून ठेवली आहे.