प्रोसेसर अडतोय का, ते आधी मोजा: अण्णांना आभाराचं पत्र

अण्णा, सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात गेमिंगचे कॉम्प्युटर जुळवणारे आणि दुरुस्त करणारे आम्ही सगळे मिळून हे पत्र लिहितोय. “काय ओ, एवढं ग्राफिक्स कार्ड घालून बी गेम अडकायलाय” म्हणत आलेल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात लगेच नवा प्रोसेसर मारायचा नाही, आधी मोजायचं, ही शिस्त तुम्ही लावलीत. तुमच्या हातचं ते तपासणीचं पान आमच्या काउंटरवर काचेखाली आहे, त्याचे आभार मानायचे राहून गेले होते.

त्यातली पहिलीच ओळ सर्वात जास्त कामी येते: टास्क मॅनेजरमधल्या प्रोसेसर-वापराच्या एकूण टक्क्यावर जाऊ नका. सहा कोर (काम करणारे गाभे), बारा थ्रेडच्या (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगा) प्रोसेसरचा एक थ्रेड काठोकाठ भरला तरी एकूण आकड्यात तो जेमतेम ८ टक्के दिसतो. गेमचा मुख्य थ्रेड दमलेला असतो आणि मालक म्हणतो, प्रोसेसर तर ३५ टक्क्यांवर निवांत आहे! म्हणून आफ्टरबर्नर आणि रिवाट्यूनर ही मोजणीची सॉफ्टवेअर लावून प्रत्येक थ्रेडचा वापर वेगळा, शिवाय कार्डाचा वापर, दोन्हींचं तापमान, क्लॉक (चालण्याचा वेग) आणि फ्रेमटाइम (एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, तयार व्हायला लागणारा वेळ) पडद्यावर घ्यायचा. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा आधी बंद करायची. ती चालू राहिली तर ६० हर्ट्‌झच्या मॉनिटरवर कार्ड अर्ध्यावरच दिसतं आणि बोल भलत्यालाच लागतो. कार्ड ९५ टक्क्यांच्या वर पळत असेल तर प्रोसेसरला हात लावायचं कारण नाही. ते ६०-७० वर घुटमळत असेल, तर संशय घ्यायचा.

संशयच, निकाल नाही. कारण विंडोज तोच थ्रेड या कोरवरून त्या कोरवर हलवत राहतं, त्यामुळे एकही कोर शंभरावर न दिसता प्रोसेसर अडलेला असू शकतो. इथं तुमची रिझोल्यूशनची परीक्षा लागते. गेममधली एकच जागा, तीच सेटिंग्ज, फक्त १०८० वरून ७२० वर यायचं. ७८ एफपीएसचे (सेकंदाला फ्रेम) ८० झाले तर प्रोसेसरची बाजू अडली आहे. ७८ चे १२० झाले तर कार्डच कमी पडतंय. डीएलएसएस किंवा एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणारं अपस्केलिंग) चालू करूनही फ्रेम का वाढत नाहीत, याचं उत्तरही यातच आहे: अपस्केलिंगने कार्डाचं ओझं उतरतं, प्रोसेसरचं नाही. ज्याला आणखी खोलात जायचं असेल त्याला आम्ही इंटेलच्या प्रेझेंटमॉन या मोजणीच्या सॉफ्टवेअरमधला ‘जीपीयू बिझी’ (कार्ड खरंच कामात असलेला वेळ) दाखवतो. फ्रेम १४ मिलीसेकंदांची आणि कार्ड कामात फक्त ८, म्हणजे उरलेले ६ ते वाट बघत बसलं.

एवढं होऊनही तुमच्या पानावर खरेदीचा विषय येत नाही, आणि गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात ते इथंच. रॅमची एकच पट्टी असते. किंवा दोन असतात, पण शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये घुसवलेल्या. चार स्लॉटच्या मदरबोर्डावर त्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. ३२०० ची डीडीआर-४ बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सेटिंग, न लावल्यामुळे २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते. नवं कार्ड चुकून खालच्या, कमी लेनच्या (डेटाच्या वाटा कमी असलेल्या) स्लॉटमध्ये बसवलेलं असतं. जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये बस इंटरफेस (कार्ड आणि बोर्डमधला जोड) बघताना शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून लोड द्यायचा, नाहीतर रिकाम्या कार्डाची लिंक १.१ दिसते आणि उगाच घाबरगुंडी.

मग उष्णता. निपाणीत तंबाखूच्या वखारीजवळच्या घरातलं मशीन असो की साखर कारखान्याच्या राखेच्या वाऱ्यातलं, हीटसिंकची जाळी बुजलेली सापडते. जुन्या कार्डाला फ्रेम कमी काढता येत होत्या, तोवर प्रोसेसरवर ताण नव्हता. नव्या कार्डाने त्याला जास्त फ्रेम तयार करायला लावल्या आणि तो तापून क्लॉक पाडायला लागला. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये थर्मल थ्रॉटलिंगसमोर (तापल्यामुळे वेग पाडणं) ‘येस’ दिसलं की ब्लोअर, नवी थर्मल पेस्ट आणि पुन्हा मोजणी. वीज कमी पडणं हे वेगळं दुखणं आहे. त्यात बहुधा लोड आला की मशीन रीस्टार्ट होतं, नुसत्या फ्रेम घसरत नाहीत.

व्हॅलोरंट गेममध्ये कार्ड ४५ टक्के दिसतंय म्हणून तोंड पाडून येणाऱ्या पोरांनाही आता आम्ही तुमच्याच शब्दांत विचारतो: मॉनिटर १४४ चा, फ्रेम २५० पडतायत, मग दुखतंय कुठं?

हे सगळं करूनही प्रोसेसरच कमी पडला, तरच नवा प्रोसेसर. रायझन ५ २६०० आणि बी-४५० बोर्ड असेल तर रायझन ५ ५६०० त्याच बोर्डावर बसतो, पण जुना प्रोसेसर असतानाच बायोस अपडेट करून घ्यायचं. आधी काढलात तर पडदा काळाच राहील. खानापूरच्या पावसात हे काम यूपीएसशिवाय करू नका, ही तुमची लाल शाईतली ओळ आम्ही पाळतो. इंटेलच्या सातव्या पिढीच्या बोर्डावर मात्र ‘सॉकेट ११५१ च आहे की’ म्हणत नववीचा प्रोसेसर घ्यायचा नाही. खाचा जुळतात, पण मशीन चालू होत नाही.

ज्याचं बजेट संपलंय त्याला गर्दीची घनता आणि दृश्य अंतर कमी करून, फ्रेम ७० ते ९० मध्ये नाचत असतील तर ७० वर बांधून देतो. झटके बरेच कमी होतात. कार्डात उरलेली ताकद टेक्स्चर आणि रिझोल्यूशन वाढवायला वापरता येते, फुकटात.

एक विचारायचं होतं. पानावर रिसायझेबल बारची (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) ओळ नाही. इंटेल आर्क कार्डं घेऊन येणाऱ्यांना ते बंद असल्याचा मोठाच फटका बसतो, आणि ते चालू करायला सीएसएम (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करायची सोय) बंद करावं लागतं. डिस्क एमबीआर, म्हणजे जुन्या मांडणीची, असली तर मग विंडोज सुरूच होत नाही. आधी डिस्क जीपीटी (नवी मांडणी) करून घ्या, अशी भर एक्सएमपीच्या खाली घातली तर चालेल ना? तुम्ही होय म्हणालात की नवी प्रत काढतो.

आपले,
सीमाभागातले कॉम्प्युटर जुळवणारे