तो रानपिंगळा नव्हे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत रानपिंगळ्यावर, या दुर्मीळ छोट्या घुबडावर, लेख आला, आनंद झाला. सोबतचा फोटो मात्र साध्या पिंगळ्याचा आहे. आमच्या घरामागच्या चिंचेवर त्याची जोडी राहते, रोज बघतो.

मी सातपुड्यात वनरक्षक होतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर रवा सांडावा तसे पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं आणि पाठ जवळजवळ कोरी, राखट तपकिरी. छाती गडद, पोट मधोमध पांढरं, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. आणि पाय बघावेत! पक्षी जेमतेम वीतभर, पण पाय लोकरीचे मोजे चढवल्यासारखे जाडजूड. पहिल्यांदा दिसला तो सकाळी नऊच्या सुमारास, पानं झडलेल्या सागावर, भर उन्हात. घुबड उन्हात बसलंय म्हणजे आजारी असणार, असं मला वाटलं. तेवढ्यात शेपटी दोन्हीकडे झटकून तो खाली झेपावला आणि पाचोळ्यातला सरडा घेऊन परत त्याच फांदीवर. हा दिवसा शिकार करतो, हे मला तेव्हा कुठे ठाऊक!

फोटोवरून एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण या पक्ष्याचं एका चिठ्ठीने आधीच पुष्कळ नुकसान केलंय. १८८४ नंतर त्याचा खरा नमुना, म्हणजे संग्रहालयात जपून ठेवायचा मेलेला पक्षी, कुणाला मिळाला नव्हता. मेनर्टझहागेन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने संग्रहालयातला जुना नमुना लांबवला आणि १९१४ साली गुजरातेतल्या मांडवीला मिळाला अशी चिठ्ठी लावून स्वतःचा म्हणून खपवला. ती खरी मानून शोधणारे भलत्याच ठिकाणी फिरले. ही लबाडी ओळखणाऱ्या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी खऱ्या जुन्या नोंदींच्या जागा धरून शोध घेतला, तेव्हा २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला. ११३ वर्षांनी! आता फोटोखालची ओळ चुकली, तर गावोगावचा पिंगळा बघून लोक म्हणणार, हा तर भरपूर आहे.

दुसरं, लेखात घरट्याच्या ढोलीचं झाड कुठल्या पाऊलवाटेवर आहे, तेही छापलंय. फोटो चुकीचा आणि पत्ता तेवढा बरोबर! कॅमेरेवाले ढोलीसमोर तासन्‌तास उभे राहिले, की नर भक्ष्य चोचीत धरून लांबच बसून राहतो. तेव्हा खुलासा त्याच पुरवणीत, योग्य फोटोसह द्यावा, आणि तुमच्या संकेतस्थळावरच्या लेखातून ती वाट आजच काढून टाकावी.

आपला,
एक निवृत्त वनरक्षक, तळोदा