ऑपरेशन आत्ताच करायचं का?

लीड्स, १० मार्च

चि. संतोष आणि सौ. रूपा यांना अनेक आशीर्वाद,

बाळाचे रिपोर्ट नीट वाचले. डावी किडनी सुजलेली, ग्रेड ३, आतली पोकळी १८ मिमी, मूत्रनलिका फुगलेली नाही. म्हणजे अडथळा किडनी आणि नलिकेच्या सांध्यावर आहे, ज्याला डॉक्टर पीयूजे म्हणतात. एक डॉक्टर म्हणतात थांबा, दुसरे म्हणतात करून टाका, आणि तुम्ही अडकलात स्कॅनच्या रिपोर्टातल्या ‘ऑब्स्ट्रक्टेड’ (अडथळा आहे) या शब्दात.

तो शब्द बाजूला ठेवा आणि खालचा आकडा बघा: डावी ४४ टक्के, उजवी ५६. काम जवळपास वाटून चाललंय. स्कॅनसाठी शिरेतून दिलेलं किरणोत्सारी औषध किडनीतून अर्धं निघून जायला २४ मिनिटं लागली आणि २० च्या वर गेलं की मशीन ‘अडथळा’ छापतं. पण फुगलेली किडनी हौदासारखी असते, वाट मोकळी असली तरी रिकामी व्हायला वेळ घेते. लहान बाळात नुसत्या त्या वेळेवरून पोट उघडायचं नसतं.

ठरवायचं ते असं. डाव्या बाजूचं काम ४० च्या खाली आलं, किंवा दोन स्कॅनमध्ये दहा टक्क्यांहून जास्त घसरलं, किंवा सोनोग्राफीत सूज दर वेळी वाढत जाऊन किडनीचा गर पातळ होऊ लागला, किंवा तापासकट लघवीचा संसर्ग झाला, तर ऑपरेशन. मग उशीर नको. ४४ चे ४१ झाले तर घाबरू नका, एवढा फरक मोजणीतच पडतो. ४४ चे ३३ झाले तर तो खरा. आजच्या आकड्यांवर मी थांबायच्याच बाजूची आहे. पण थांबायचं म्हणजे तारखा पाळायच्या: सोनोग्राफी एप्रिलअखेर, स्कॅन जूनमध्ये.

आता आपल्या गावाचा मुद्दा. एप्रिल-मेच्या उन्हात बाळ सुकलं की सोनोग्राफीत सूज आहे त्यापेक्षा कमी दिसते, आणि स्कॅनमध्ये उलट, औषध सावकाश निघतं आणि अडथळा जास्त वाटतो. तेव्हा सोनोग्राफी सकाळी लवकर, दूध पाजून, शक्यतो त्याच डॉक्टरांकडे करा. स्कॅनसाठी पुण्याला जाणार असलात तर दुपारच्या गाडीनं उन्हात जाऊ नका; आदल्या दिवशी पोचा, अंगावरचं दूध वरचेवर पाजा.

स्कॅनच्या वेळी रूपानं तीन गोष्टी विचारायच्या. लघवी वाढवायचं फ्रुसेमाइड वजनाप्रमाणे दिलं का? साधारण किलोला १ मिग्रॅ, म्हणजे साडेसहा किलोला साडेसहा. शेवटी बाळाला उभं धरून, डायपर ओलं झाल्यावर, पुन्हा फोटो घेतला का? भरलेलं मूत्राशय मागे दाब देतं आणि किडनी अडल्यासारखी दिसते. हा फोटो घाईत राहून जातो. आणि तिसरं, स्कॅनचं मागचंच औषध वापरलं का? ईसी आणि डीटीपीए ही दोन वेगळी औषधं, त्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघणं बरोबर नाही.

ताप १०० च्या वर गेला की क्रोसिन देऊन वाट बघत बसू नका. त्याच दिवशी लघवीची तपासणी आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी. चिकटवायच्या पिशवीतला नमुना कल्चरला चालत नाही, कातडीवरचे जंतू त्यात येतात. नळी घालून किंवा मधली धार स्वच्छ डबीत धरून घ्या. तापासोबत उलट्या होत असतील, दूध घेत नसेल, तर रात्र असली तरी सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला न्या. अडलेल्या किडनीत पू झाला तर तासांचा हिशेब असतो.

आईला सांग, गोखरूचा काढा नको. सांधा जन्मतःच अरुंद आहे, काढ्यानं रुंद होणार नाही, आणि एवढ्या लहान बाळाला असलं काही पाजणं जोखमीचं.

वेळ आलीच तर ऑपरेशनला पायलोप्लास्टी म्हणतात: अरुंद तुकडा कापून काढतात, चांगली टोकं बारीक टाक्यांनी जोडतात. शंभरात नव्वदहून जास्त ठिकाणी नीट जमतं. आत डीजे स्टेंट, म्हणजे एक बारीक नळी, ठेवतात, तो चार ते सहा आठवड्यांनी थोडी भूल देऊन काढायचा असतो. ती तारीख कालनिर्णयवर लाल पेनानं लिहा. विसरलेल्या स्टेंटवर खडे जमतात. ऑपरेशननंतरही सूज महिनोन्महिने दिसते, म्हणून लगेच ‘फसलं’ म्हणू नका. गेलेलं काम परत येईलच असं नाही, उरलेलं टिकावं म्हणून ते करतात. फुले योजनेत बसतं का, ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला आधीच विचार. मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते.

जूनच्या स्कॅनचा नुसता निष्कर्ष पाठवू नकोस. दोन्ही किडन्यांच्या आलेखाचं पान आणि उभं धरल्यावरचा फोटो, दोन्ही पाठव.

तुमची
ताई